आधी पोट, मग प्रेम?

"पहले पेट, फिर मोहब्बत" हे वाक्य आमच्या वस्त्यांतून इतक्या वेळा ऐकू येते की त्याची आता म्हणच झाली आहे. घाटकोपरच्या डोंगरावरची चाळ असो, कुर्ल्याची गल्ली असो की अंधेरीचा जरीचा कारखाना असो, एखादा मुलगा आणि मुलगी एकमेकांना पसंत आहेत अशी कुणकुण लागली की घरातले वडीलधारे हेच वाक्य ऐकवतात. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा पाप नसते. त्याने स्वतः उपास काढलेले असतात, गावाकडून येताना फक्त अंगावरचे कपडे आणलेले असतात, आणि पोटाची आग काय असते हे त्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नसते. तरीही मला एक गोष्ट नेहमी खटकत आली आहे. हे वाक्य फक्त गरिबालाच ऐकवले जाते. खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरातल्या मुलाला कोणी "पहले पेट" म्हणत नाही. त्याच्यासाठी दुसरे वाक्य राखून ठेवलेले असते: "खानदान देखो."

वरवर पाहता ही दोन वाक्ये वेगळी आहेत. एक भुकेचे आणि दुसरे प्रतिष्ठेचे. मला मात्र ती एकाच नाण्याच्या दोन बाजू वाटतात. असे का वाटते ते सांगायचे तर दीडशेहून अधिक वर्षे मागे जावे लागेल, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात.

व्हिक्टोरियाचा काळ म्हटला की शिकलेल्या माणसाला इंग्रजी कादंबऱ्या आठवतात. धुराने काळवंडलेली शहरे, अनाथ मुले, गिरणीतले संप, आणि या सगळ्यातून वाट काढत दोन वेगळ्या थरांतल्या माणसांचे जमलेले प्रेम. शार्लट ब्रॉन्टेची 'जेन आयर' १८४७ सालची. एलिझाबेथ गॅस्केलची 'नॉर्थ अँड साउथ' १८५४-५५ मध्ये डिकन्सच्या साप्ताहिकात क्रमशः आली. बी.एड.च्या वर्षात मी या दोन्ही कादंबऱ्या भाषांतरांच्या आधाराने वाचल्या आणि आवडीने वाचल्या. पण त्यांच्या शेवटाची गंमत पाहा. जेन ही गरीब शिक्षिका. तिला दूरदेशीच्या चुलत्याकडून वारसा मिळतो आणि मग ती बरोबरीच्या नात्याने रॉचेस्टरकडे परत जाते. 'नॉर्थ अँड साउथ'मध्येही नायिकेच्या हाती आलेला वारसाच गिरणीमालकाची बुडती गिरणी सावरतो. म्हणजे दोन थरांमधली दरी अखेर पैशाने बुजते. लेखिकांना दोष द्यायचा नाही. त्यांच्या समाजात पैशाने दरी बुजू शकत होती, म्हणून त्यांनी तसे लिहिले. आपल्याकडची दरी कोणाच्या मृत्युपत्राने बुजण्यातली नव्हती.

आपल्याकडची गोष्ट कादंबरीत नाही, एका पत्रात आहे. २९ ऑगस्ट १८६८ या दिवशी सावित्रीबाई फुले यांनी माहेरहून, सातारा जिल्ह्यातल्या नायगावहून, जोतिबांना पत्र लिहिले. त्यांची तीन पत्रे डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' या ग्रंथात आहेत. त्यांतले हे मधले. पत्र लहान आहे, पण त्यात जे आहे ते पुष्कळांना दोन-दोनशे पानांत मांडता आलेले नाही.

गणेश नावाचा एक ब्राह्मण गावोगाव फिरून धार्मिक विधी करायचा, पंचांग पाहून लोकांना भविष्य सांगायचा आणि त्यावर पोट भरायचा. महारवाड्यातल्या शारजा नावाच्या, नुकत्याच वयात आलेल्या मुलीशी त्याचे प्रेम जमले. तिला सहावा महिना लागला तेव्हा गावाला पत्ता लागला. लोकांनी दोघांना धरले, गावातून धिंड काढली आणि ठार मारायची तयारी केली. सावित्रीबाईंना हे समजताच त्या तिथे धावत गेल्या. इंग्रज सरकारच्या कायद्याने या खुनाचे काय परिणाम होतील ते त्यांनी सांगितले आणि लोकांना धाक घातला. लोक वरमले. सदूभाऊ नावाचा गृहस्थ मात्र रागातच होता. दोघांनी गाव सोडून जावे, असे तो म्हणाला. गणेश आणि शारजा यांनी ते कबूल केले. जीव वाचला म्हणून दोघांनी सावित्रीबाईंचे पाय धरले आणि रडू लागली. दोघांना तुमच्याकडे पाठवीत आहे, असे जोतिबांना कळवून पत्र संपते.

या पत्राबद्दल बोलताना आपण नेहमी सावित्रीबाईंच्या धैर्यापाशी थांबतो. धैर्य तर होतेच. खुनाच्या तयारीत असलेल्या जमावासमोर माहेरवाशिणीने उभे राहणे म्हणजे खेळ नव्हे. पण माझे मन अडकते ते सदूभाऊच्या अटीपाशी. गाव सोडा. मारत नाही, पण गाव सोडा.

१८६८ साली गाव सोडणे म्हणजे काय होते? आज आपण मुंब्र्याहून भिवंडीला जातो तसे ते नव्हते. महार माणसाचे पोट गावाला बांधलेले होते. वेस राखणे, निरोप पोचवणे, मेलेले जनावर ओढणे ही कामे त्याच्या गळ्यात होती, आणि त्याबदल्यात सुगीला बलुते आणि रोजची मागून आणलेली भाकरी. वतन होते ते त्या गावात. गाव सुटले की बलुते सुटले, आणि दुसऱ्या गावात दुसरे महार आपापल्या वतनाला धरून बसलेले. गणेशची स्थिती वेगळी दिसते, पण फार वेगळी नव्हती. पंचांग सांगणाऱ्याला लोक शिधा देतात ते त्याच्या सोवळ्यावर विश्वास ठेवून. महाराच्या मुलीबरोबर गावाबाहेर काढलेल्या ब्राह्मणाला शिधा कोण घालणार? तेव्हा 'गाव सोडा' याचा व्यवहारातला अर्थ 'उपाशी मरा' असाच होता. फरक एवढाच की असे मरण फासावर नेणाऱ्या कायद्याच्या कक्षेत येत नव्हते.

आणि इथेच "पहले पेट, फिर मोहब्बत" या म्हणीचे बिंग फुटते. म्हण असे भासवते की भूक ही पाऊस-वाऱ्यासारखी निसर्गाची गोष्ट आहे आणि प्रेम ही तिच्यापुढची चैन आहे. वास्तवात बऱ्याचदा उलटे घडते. रेषा ओलांडून प्रेम करणाऱ्याची भाकरी समाजच काढून घेतो आणि मग त्यालाच सांगतो, बघ, प्रेमाने पोट भरत नाही. चाबूक आपल्या हातात ठेवायचा आणि वळ दाखवून शहाणपण शिकवायचे, तसा हा प्रकार आहे.

सावित्रीबाईंनी ही अट मान्य करायला हवी होती का, असा प्रश्न कोणी विचारील. विचारला पाहिजे. गुन्हा गावाचा होता, मग गाव सोडावे दोघांनीच का? न्याय म्हणून पाहिले तर ही तडजोड अपुरी आहे, यात मला शंका नाही. शिवाय गावाचे मन पालटले नव्हते, ते घाबरले होते. धाकाने थांबवलेला खून आणि पश्चात्तापाने थांबवलेला खून यांत फरक आहे, असे नीतिशास्त्र सांगेल. पण त्या दिवशी शारजाच्या पोटात सहा महिन्यांचे मूल होते. गावाचे मन वळवायला वर्षे लागली असती, आणि तिच्याजवळ घटकाभराचाच वेळ होता. ज्याचा जीव जायची वेळ आली आहे त्याच्या वतीने तत्त्वाचा हट्ट धरण्याचा अधिकार आपल्याला नसतो. हट्ट धरायचा तर स्वतःच्या जिवावर धरावा. सावित्रीबाईंनी त्या घटकेला जे मिळण्यासारखे होते ते मिळवले.

आणि त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. ही गोष्ट माझ्या दृष्टीने धैर्याहून मोठी आहे. जीव वाचवून त्यांनी दोघांना वाऱ्यावर सोडले नाही. त्यांना जायला एक घर दिले.

त्या घराचे महत्त्व कळायचे असेल तर पाच वर्षे आधीची दुसरी गोष्ट पाहावी. पुण्यात काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा होती. जोतिबांच्या स्नेह्याच्या घरी ती स्वयंपाकाला होती. शेजारपाजारच्या एका शास्त्र्याने तिला फसवले. दिवस गेले, गर्भ पाडायचे उपाय फसले, मूल जन्माला आले. बदनामीच्या भीतीने तिने त्या अर्भकाचा जीव घेतला. खटला होऊन काशीबाईला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्र्याला काही झाले नाही. मलबारी यांच्या टिपणांवर मत देताना, १८८४ साली, खुद्द जोतिबांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. या प्रकारानंतर १८६३ मध्ये फुले दांपत्याने आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेने यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे.

कायदा दोन्हीकडे एकच होता. १८६० चा इंडियन पीनल कोड, जो १८६२ पासून लागू झाला. त्याच कायद्याच्या भीतीने नायगावचा जमाव मागे हटला आणि शारजा वाचली. त्याच कायद्याने काशीबाई अंदमानला गेली. फरक एवढाच, की काशीबाईला वेळेवर जायला एक दार नव्हते आणि शारजाला होते.

फुले दांपत्याला हे दाराचे मोल कोठून कळले असेल? १८४९ मध्ये शाळेच्या कामापायी त्यांना स्वतःलाच वडिलांचे घर सोडावे लागले होते. तेव्हा गंज पेठेत त्यांना आसरा दिला तो उस्मान शेख यांनी. उस्मान शेख आणि त्यांची बहीण फातिमा यांच्याबद्दल आपल्या लोकांत आता बरेच बोलले जाते. २०२५ च्या जानेवारीत तर फातिमा नावाची बाई होऊन गेलीच नाही, असाही गलबला उठला होता. त्या वादात शिरायची ही जागा नव्हे. एवढे खरे की सावित्रीबाईंच्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. मी आजारी पडून माहेरी आले, त्यामुळे फातिमाला तिकडे त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा. त्याच पत्रात भावाशी झालेला वादही आहे. महार-मांगांसाठी काम करता म्हणून तुम्ही जातीबाहेर पडलात, असे भाऊ म्हणाला. त्यावर बहिणीने त्याला सुनावले की तू गाय-शेळी कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, आणि तुझ्यासारख्याच माणसांना मात्र शिवून घेत नाहीस. बारा वर्षांनी त्याच नायगावात शारजासाठी धावलेली बाई ती हीच. असो.

आता भुकेकडे वळू. कारण भूक ही बहाणा असते असे मी म्हटले तरी खरी भूकही असते, आणि तिच्याशी बेइमानी करून चालणार नाही. सावित्रीबाईंचे तिसरे पत्र २० एप्रिल १८७७ चे आहे, जुन्नर भागातल्या ओतूरहून लिहिलेले. १८७६ चा दुष्काळ सरला नव्हता. माणसे आणि जनावरे पटापट मरत होती. नद्या, ओढे, तळी आटली होती. लोक विषारी फळे खात होते आणि तहान भागवायला स्वतःचे मूत्र पीत होते. सावकार लुबाडत होते, दंगे होत होते, आणि मदतकार्य करणाऱ्या सत्यशोधकांनाच सरकारने पकडले होते. सावित्रीबाईंनी कलेक्टरला जाब विचारून त्यांना सोडवले. या पत्रात एक तपशील असा आहे की तो वाचताना शिक्षिका म्हणून माझा हात थबकतो. गाव सोडताना काही लोक आपली मुले, तरण्या मुली विकत होते.

म्हणजे पोट खरोखरच आधी आले तेव्हा काय झाले? प्रेम पुढे ढकलले गेले नाही. मुलगीच बाजारात गेली. "आधी पोट" हे तत्त्व शेवटापर्यंत नेले तर ते तिथे जाऊन पोचते. दुष्काळात मुलगी विकणाऱ्या बापाला मी दोष देत नाही. त्याच्या जागी उभे राहिल्याशिवाय कोणी देऊ नये. पण उपनगरातल्या आजच्या बापाला विचारावेसे वाटते की कर्ज फेडायचे म्हणून, दुबईत नोकरी आहे म्हणून, स्वतःची खोली आहे म्हणून सतरा वर्षांच्या मुलीचे शाळेतून नाव काढून तिला दुप्पट वयाच्या माणसाला देताना तू जे म्हणतोस, ते ओतूरच्या रस्त्यावरच्या व्यवहाराहून किती निराळे आहे? तिथे निदान दुष्काळ होता.

अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहत. आमच्या डोंगराच्या पायथ्याशीच म्हणा ना. त्यांच्या 'स्मशानातील सोनं' या कथेतला भीमा उपनगरातल्या खाणीवर काम करतो, खाण बंद पडते, तेव्हा तो स्मशानात पुरलेली प्रेते उकरून सोने शोधतो. हे तो कशासाठी करतो? स्वतःच्या पोटापेक्षा बायको आणि लहान मुलगी यांच्यासाठी. ज्यांच्यावर जीव आहे ती माणसे नसती तर भीमा त्या मार्गाला लागलाच नसता. गरिबाचे जगणे आणि गरिबाचे प्रेम असे दोन डब्यांत वेगवेगळे ठेवता येत नाही. माझ्या शाळेतल्या ज्या आया पहाटे चारला उठून रिकामे हंडे रांगेला लावतात आणि मग दुसऱ्याच्या घरी भांडी घासायला जातात, त्यांना कोणत्या बळावर ते जमते असे विचारले तर त्या हसतील. त्याला त्या प्रेम म्हणणार नाहीत. त्यांनी तो शब्द फक्त सिनेमात ऐकला आहे.

शारजाच्या पत्राच्या पुढच्याच वर्षी, १८६९ मध्ये, उर्दूत डेप्युटी नझीर अहमद यांची 'मिरात-उल-उरूस' आली. मुलींच्या शिक्षणासाठी लिहिलेली. सरकारने हजार रुपये इनाम दिलेली. आम्हा उर्दू शिक्षकांच्या पिढ्यान्पिढ्या अकबरी आणि असगरीची गोष्ट सांगत आल्या आहेत. अकबरी बिघडलेली, असगरी शहाणी. ही कादंबरी मला आवडते, असगरीचा हिशोबीपणा तर फारच आवडतो. पण तिच्यात गरीब बाई येते ती मामा अजमत म्हणून, घर लुटणारी स्वयंपाकीण म्हणून, आणि असगरी तिला हाकलून देते तेव्हा वाचकाला बरे वाटते. मामा अजमतलाही जीव होता, तिचाही कोणावर जीव असेल, हा विचार शरीफ घराण्यांसाठी लिहिलेल्या त्या पुस्तकाच्या मनाला शिवत नाही. त्याच काळात नायगावात एक बाई शारजाबद्दल पत्र लिहीत होती. मला या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचायला आवडते.

शरीफ आणि रझील. हा शब्द निघाला म्हणजे कुफूचा विषय टाळता येत नाही. आपल्या समाजात जात नाही असे आपण जाहीर सभेत सांगतो. खासगीत सोयरीक पाहताना पहिला प्रश्न बिरादरीचा असतो. अन्सारी की शेख, कोकणी की दखनी, बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, खाटीक. हनफी फिकहमध्ये लग्नासाठी बरोबरीची अट मानली गेली, त्यात वंश आला, धंदा आला, मालमत्ता आली. मौलाना अशरफ अली थानवी यांचे 'बहिश्ती जेवर' आमच्याकडे नवरीबरोबर सासरी पाठवतात. त्यात विणकर हा शिंप्याच्या बरोबरीचा नाही, असा हिशोब आहे. एक धागा विणतो, दुसरा त्याच धाग्याचे कापड शिवतो. यात कोण वर आणि कोण खाली हे मला आजवर उमगलेले नाही.

कुफूच्या बाजूने जे सांगितले जाते त्यात अजिबात तथ्य नाही असे मात्र मी म्हणणार नाही. मुलीला परक्या राहणीत कुचंबणा होऊ नये, अपमान होऊ नये, हा हेतू त्यामागे आहे असे उलेमा सांगतात. हनफी मत सज्ञान मुलीला आपला निकाह आपण करण्याचा अधिकार देते, ही मोठीच गोष्ट आहे. पण त्याच मतात, नवरा बरोबरीचा नसेल तर वलीला हरकत घेता येते. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याची सोय. इमाम मालिक यांनी बरोबरी पाहिली ती दीनदारीची. सुफियान सौरी यांनी आणि हनफींपैकीच कर्खी यांनी वंशाची बरोबरी मानली नाही. तेव्हा हा प्रश्न इस्लाम विरुद्ध आधुनिकता असा नाही, आपल्या घरातलाच जुना मतभेद आहे. त्यातले एक मत आपण पाठ केले, दुसरे मुलांना सांगितलेच नाही.

आणि एक हदीस तर मी मुद्दाम सांगते, कारण ती सभांतून फारशी ऐकू येत नाही. बरीरा ही गुलाम स्त्री. तिची सुटका झाली. तिचा नवरा मुगीस अजून गुलामच होता. सुटका झाल्यावर अशा लग्नात राहायचे की नाही हे ठरवायचा तिला अधिकार मिळाला आणि तिने वेगळे व्हायचे ठरवले. मुगीसचे तिच्यावर फार प्रेम. तो मदिनेच्या गल्ल्यांतून तिच्या मागे रडत फिरायचा, अश्रूंनी त्याची दाढी भिजायची. पैगंबर साहेबांना त्याची दया आली. त्यांनी बरीराला विचार कर म्हणून सुचवले. तिने विचारले, हा हुकूम आहे का? ते म्हणाले, नाही, मी फक्त शिफारस करतो. मग तिने नम्रपणे नकार दिला. त्या नकाराबद्दल तिला कोणी शिक्षा केली नाही, कोणी गाव सोडायला लावले नाही.

मुंबईत १८८४ मध्ये दादाजी भिकाजी यांनी पत्नी रखमाबाई नांदायला येत नाही म्हणून दावा लावला. अकराव्या वर्षी लावलेले लग्न तिला मान्य नव्हते. १८८५ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला, पुढे तो उलटला, आणि १८८७ मध्ये नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा असा आदेश झाला. तुरुंग पत्करेन, असे ती म्हणाली. १८८८ मध्ये तडजोड झाली, पुढे ती डॉक्टर झाली. बरीराची गोष्ट तेव्हा बाराशे वर्षांहून जुनी होती.

प्रेमाच्या हक्कात नकाराचा हक्क आधी येतो, हे मला या दोघींमुळे समजले. कारण प्रेमाच्या बाजूने बोलणाऱ्यांचीही एक गफलत असते. रेषा ओलांडली की ते प्रेम पवित्र, असे ते धरून चालतात. काशीबाईच्या शास्त्र्यानेही रेषा ओलांडली होती. वरच्या थरातल्या पुरुषाला खालच्या थरातली किंवा निराधार बाई हवीशी वाटते, यात नवल काही नाही. ते हजारो वर्षे चालत आलेले आहे. त्याला समाजाने कधी फार हरकतही घेतली नाही. हरकत येते ती तो तिचा हात धरून लोकांसमोर उभा राहिला की. गणेश आणि शास्त्री यांच्यातला फरक तिथे आहे. गणेशची धिंड शारजाबरोबर निघाली आणि गाव सोडायची वेळ आली तेव्हा तो तिच्याबरोबर निघाला. आया-बापांच्या मनात भीती असते ती शास्त्र्याची, आणि ती भीती खोटी नाही. मुलीला दिवस गेले की बिहारला नाहीतर यूपीला पळून जाणारे शास्त्री आमच्या वस्तीतही आहेत, त्यांतले काही पाच वक्त नमाजी आहेत.

पण या भीतीवर कुफू हे औषध नाही. आमच्याच डोंगरावरची एक गोष्ट सांगते. दोन घरे, दोघांची खोली दहा बाय बाराची, दोघांचा पाण्याचा पाइप एक. मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी, बारावी होऊन एका दुकानात कामाला लागलेली. मुलगा रिक्षा चालवणारा, सज्जन. मुलीच्या वडिलांनी एकच सांगितले, "हम कौन, वो कौन?" मी त्यांना भेटायला गेले होते. "टीचर, आप पढ़ाइए, रिश्ता हम देख लेंगे," असे त्यांनी मला अदबीने सांगितले. पुढे त्यांनी तिला बिरादरीत दिले. तो जावई वर्षभरात तिला सोडून गेला. बिरादरीची पंचायत बसली, चहा झाला, मेहर पाच हजार ठरली होती ती पंचांनी माफ करून घेतली. बरोबरीने तिचे रक्षण कुठे केले? मुलीचे रक्षण करणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात. तिची स्वतःची कमाई, हातात आलेली मेहर, नोंदवलेला निकाह, आणि परत यायला एक दार.

कायद्याने बरेच केले आहे, हे मान्य केले पाहिजे. गणेश आणि शारजाला १८६८ मध्ये लग्न करायचे म्हटले असते तरी त्यासाठी कायदा नव्हता. १८७२ चा स्पेशल मॅरेज अॅक्ट आला, पण त्यात आम्ही हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणी नाही असे लिहून द्यावे लागे. १९५४ च्या कायद्याने ती अट काढली. तीस दिवसांची नोटीस मात्र राहिली. पळून आलेल्या जोडप्याचे नाव महिनाभर कचेरीच्या फळ्यावर. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारे उभारायला सरकारांना सांगितले. दुसऱ्या बाजूला, २०१४ मध्ये नगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात सतरा वर्षांच्या दलित मुलाला वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो या संशयावरून मारून टाकले, आणि २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी सुटले. नायगावच्या जमावाला कायद्याची भीती वाटली होती. खर्ड्याच्या लोकांना ती वाटली नाही. दीडशे वर्षांत कायदे वाढले आणि धाक कमी झाला, याचा अर्थ काय लावायचा?

मुंबईच्या उपनगरात जीव घेणारे गाव नाही, असे आपण म्हणतो. इथे गावाचे काम घर करते. खोली भाड्याने घ्यायची तर दलाल आधी नाव विचारतो, मग बिरादरी, मग "शादी किसने करवाई?" डिपॉझिट पन्नास हजारांच्या खाली नाही. अकरा महिन्यांचा करार. घरच्यांनी टाकलेल्या जोडप्याकडे ना पैसे, ना ओळख देणारा माणूस. मग मुलगी मैत्रिणीकडे, मुलगा कारखान्यात झोपतो, आणि दोन-तीन महिन्यांत ते नाते थकून जाते. लोक म्हणतात, बघा, प्रेम टिकत नाही. टिकायला छप्पर लागते, एवढी साधी गोष्ट कोणी बोलत नाही.

आपल्या बहुतेक बिरादऱ्यांच्या जमाती आहेत. त्यांचे लग्नाचे हॉल आहेत, सामुदायिक विवाहाचा निधी आहे, जकातीतून गरीब मुलींच्या जहेजला मदत होते. हे चांगलेच आहे. त्या निधीतून कुर्ला, घाटकोपर, जोगेश्वरी, मुंब्रा, कुठेही एखादी खोली अशा लोकांसाठी घेता येईल का? बिरादरी न विचारता, सहा महिन्यांसाठी. टाकलेल्या बायकांनाही ती चालेल. मी हा विषय दोन-तीन जाणत्या लोकांकडे काढला. एकाने विचारले, यामुळे मुले-मुली पळून जायला सोकावणार नाहीत का? मी म्हटले, सावित्रीबाईंनी गणेश-शारजाला प्रेम करायला सांगितले नव्हते. त्या पोचल्या तेव्हा सहावा महिना चालू होता. दुसऱ्याने विचारले, किल्ली कोणाकडे राहील? हा प्रश्न मला खरा वाटला. किल्ली पुरुषांच्या पंचायतीकडे राहिली तर खोली चार दिवसांत गोदाम होईल. ती वस्तीतल्या एखाद्या बाईकडे असावी, शक्यतो जिला स्वतःला कधीतरी घर सोडावे लागले आहे अशा बाईकडे. आमच्या गल्लीत अशा तीन मला माहीत आहेत, आणि त्यांतल्या दोघींनी हो म्हटले आहे. डिपॉझिटचे तेवढे जमायचे आहे.